धाकट्याला कोण विचारणार?

२०२३ सालचा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातल्या एका गावाला मात्र हे आकड्यांनी सांगावं लागलं नाही. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ताण दिला, उरलंसुरलं पिवळ्या मोझॅकने खाल्लं. ऑक्टोबर सरता सरता सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात वाशीचं नाव आलं. दिवाळी आली तशी गेली.

दिवाळीनंतर आठवड्याभराने गावची आशाताई एका घरी आली. चार एकर कोरडवाहू, सोसायटीचं कर्ज, दोन मुलगे. थोरला चाकणला कंपनीत, धाकटा धाराशिवला एम.एस्सी. करणारा. घराण्यात इतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. ‘धाकटा शिकतोय’ हे दोन शब्द त्या घराची पत होते. दुकानदार उधारी त्यावर देत होता, पाहुण्यांत मान त्यावर मिळत होता. सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं तरी धाकटा परत गेला नव्हता. विचारलं की म्हणायचा, “प्रॅक्टिकल नाहीत अजून.”

आशाताईच्या पिशवीत नऊ प्रश्नांचा एक कागद होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा, २०१५ मध्ये, राज्याच्या आरोग्य विभागाने मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा सेविकेने घरोघर जायचं, मनाची विचारपूस करायची, खचलेला माणूस दिसला की पुढे डॉक्टरपर्यंत पोहोचवायचा. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालं का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःची लाज वाटते का, असे ते प्रश्न. उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्यापासून तीनपर्यंत गुण. बेरीज दहा किंवा त्याच्या पुढे गेली तर दुर्लक्ष करायचं नाही.

“दादा, यंदाचं साल कठीण. तुम्हालाच विचारायला आले,” ती धाकट्याच्या वडिलांना म्हणाली आणि कागद धाकट्याकडे दिला. “तू खुणा कर रे, तुझं अक्षर बरं.”

दादांनी भराभर उत्तरं दिली. “झोप? दमलेल्या माणसाला झोप न यायला काय झालं! भूक? असेल ते खातो.” लाज वाटते का, यावर ते थोडं थांबले, मग म्हणाले, “कर्ज सगळ्यांनाच आहे की.” नवव्या प्रश्नाला त्यांनी नुसती मान हलवली. धाकटा खाली मान घालून खुणा करत होता.

जाताना तिने ओसरीतच बेरीज केली. एकोणीस. तिने पुन्हा मोजलं. दादांच्या तोंडून तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’च आलं होतं. ती त्यांच्यादेखत काही बोलली नाही. धाकट्याला म्हणाली, “वेशीपर्यंत चल जरा, मोबाइलमधलं ॲप अडकलंय माझं.”

वाटेत तिने कागद पुढे केला. “हा दादांचा नाही. कोणाचा आहे?”

तो पाराच्या कडेला बसला. खूप वेळाने म्हणाला, “काकू, हात थांबलाच नाही माझा.”

नवव्या प्रश्नासमोर ‘काही दिवस’ अशी खूण होती. तिने सरळ विचारलं, “जीव द्यावा असं मनात येतं का?” पुष्कळांना वाटतं की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. मनोविकारतज्ज्ञ सांगतात की नीट, न घाबरता विचारलं तर माणसाला उलट हलकं वाटतं. त्यालाही वाटलं. “येतं. केलं काही नाही,” एवढं बोलून तो रडला, आणि मग बोलतच राहिला. जूनपासूनचं सगळं. इंग्रजीत सेमिनार द्यायला उभा राहिला आणि शब्द फुटेना. मागून कोणीतरी हसलं. पैसे वाचवायला एक वेळची मेस बंद केली, पुढे भूकच लागेना. रात्र रात्र जागा, दिवसा खोलीत पडून. घरून फोन आला की एकच प्रश्न, ‘अभ्यास कसा चाललाय?’ कॉलेजात समुपदेशन कक्षाची पाटी होती, पण तिथे बसणाऱ्या सरांच्याच हातात अंतर्गत गुण होते. “त्यांना सांगू कसं?”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. जो गुण देणार, त्याच्यापुढे आपलं मोडलेलं मन कोणी उघडत नाही. पाटी लावताना याचा विचार व्हायला हवा.

तिने १४४१६ लावला. टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. धाकटा बराच वेळ बोलत होता, ती ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसून राहिली. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “सिव्हिलला जा म्हणतात. पण दादांना सांगू नका.”

“सगळं नाही सांगत. किती सांगायचं ते तू ठरव. पण तुला एकट्याला सोडणार नाही.”

घरी तिने दोनच गोष्टी सांगितल्या. पोराचं मन आजारी आहे, त्यावर उपचार आहे. आणि फवारणीची औषधं आजच घरातून हलवायची. माय एक शब्द न विचारता उठली, डबे बाहेर काढले आणि ताईच्या ताब्यात दिले. दादा मात्र अडले. “येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडू काय पोराला? उद्या सोयरीक कोण करील? शिकलेल्या पोराला कसला आलाय आजार! देवाला सांगू, तो बघून घेईल.”

दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. रात्री देवळात कीर्तन होतं आणि महाराजांनी तेरचं आख्यान लावलं. तेर याच जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. संतमेळा जमलेला, मुक्ताबाईने काकांना म्हटलं, मडकी कच्ची की पक्की ते पाहा. काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत राहिले, नामदेव मात्र दुखावले. हे मडकं कच्चं, असा निवाडा झाला. नामदेव पंढरीला धावले. ज्या विठ्ठलाशी ते रोज बोलत, त्याच्याजवळ गाऱ्हाणं केलं. आणि विठ्ठलाने सांगितलं, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर आहे, त्याच्याकडे जा.

हे आख्यान अहंकार कसा गळतो ते दाखवायला सांगतात, आणि ते खरंच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कच्चं आहे एवढं सांगून थापटण्याचं काम संपलं, पुढचा पत्ता विठ्ठलाने दिला. आपल्या शिक्षणात थापटणी उदंड झाली आहेत: प्रवेश परीक्षा, अंतर्गत गुण, सेमिनार, भरतीच्या याद्या. एकेका पोराच्या डोक्यावर टोला मारून ‘कच्चा’ म्हणणारे पुष्कळ. खेचराचा पत्ता सांगणारं कोण आहे?

दादांनी ते आख्यान लहानपणापासून ऐकलं होतं. त्या रात्री ते एकाच ठिकाणी अडकले. साक्षात देवाने हात धरलेला भक्त, देवाला काय अशक्य होतं? तरी त्याने माणसाकडे पाठवलं. ‘देवाला सांगू’ म्हटल्यावर देव काय सांगेल, ते त्यांना मृदंगाच्या गलक्यात बसल्या जागी कळलं.

घरी आले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. धाकटा अंथरुणावर उघड्या डोळ्यांनी पडला होता.

“जागाच?”

“झोप येत नाही, दादा.”

“कधीपासून?”

बापाने पोराला अभ्यासाखेरीज काही विचारल्याला बरीच वर्षं झाली असतील. दोघं उजाडेपर्यंत ओसरीवर बसले. दादांनी समजूत घातली नाही, उपदेश केला नाही, फक्त पुढे पुढे विचारत गेले.

सकाळी तिघं एस.टी.त बसले. येरमाळ्याला उतरून येडाईचं दर्शन घ्यायचं, ही मायची अट. आशाताईने आधीच सांगून ठेवलं होतं, “खुशाल घ्या. पण पुढच्या गाडीने सिव्हिल गाठायचं.” मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो. मग नैराश्याचं निदान झालं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, गोळीबरोबर समुपदेशनालाही यायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं. दादांनी चाचरत येरवड्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “इथं येणारे बहुतेक जण संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जातात.” उपचार मिळणं हा तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले पंधरा दिवस त्याला काहीच फरक वाटला नाही आणि गोळ्या फेकाव्याशा वाटल्या. एक सत्र वाया गेलं, दोन विषय राहिले. पण झोप परतली, मागोमाग भूक. आपल्यासारखे आणखी दोघं त्याच ओपीडीच्या रांगेत बसतात, हे पाहून त्याला जो धीर आला तो कोणाच्या भाषणाने आला नसता. सेमिनार त्याने आधी चार मित्रांपुढे मराठीत दिला, नंतर वर्गात इंग्रजीत. उशिरा का होईना, पदवी हातात आली.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि मदतीचे फोन नंबर वसतिगृहात, वर्गात ठळक दिसले पाहिजेत. आपल्या गावच्या कॉलेजात जाऊन ती पाटी शोधावी, तिच्याखाली बसणारं माणूस कोण आहे तेही पाहावं. पालकांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

दादांनी त्यांच्यापुरतं सुरू केलं आहे. शेजारच्या घरातली मुलगी नीटच्या तयारीला लातूरला आहे. तिचा बाप पारावर बसून रोज टेस्टचे मार्क विचारायचा. एका संध्याकाळी दादा म्हणाले, “आज मार्क राहू दे. झोप लागते का, ते विचार.” त्याने विचारलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग पोरगी म्हणाली, “पप्पा, रविवारी येता का?” तो रविवारपर्यंत थांबला नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने लातूरला निघाला, आणि खिशातल्या चिठ्ठीवर दादांनी १४४१६ लिहून दिला होता.