जिवावरचे बोटावर

‘जिवावरचे बोटावर निभावले’ हा वाक्प्रयोग आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो उच्चारताना १६६३ सालच्या एप्रिलमधील लाल महालावरचा छापा आठवतो. शाहिस्तेखानाची बोटे गेली, प्राण वाचला. या बोलण्यात सुटकेचा निःश्वास असतो आणि जिवापुढे बोट ते काय, असे एक गृहीतही असते. मात्र बोट कोणाचे, हा प्रश्न त्यात नसतो. शाहिस्तेखानाने त्यानंतर बंगालची सुभेदारी वर्षानुवर्षे केली. सुभेदारीला बोटे लागत नाहीत. बऱ्हाणपूरच्या मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या विणकराचे तसे नाही. त्याच्या बोटांतच त्याचा जीव असतो.

हे मला उशिरा उमगले. २००४ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. बऱ्हाणपूर जिल्हा होऊन वर्षही लोटले नव्हते आणि मी रजेवर जसोंडीस आलो होतो. सकाळी सातच्या सुमारास आमच्या गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्रात आमच्या सालदाराचा उजवा अंगठा मुळापासून तुटला. पात्याला नवी धार लावलेली होती, त्यामुळे काप स्वच्छ होता. आम्ही हाताला धोतर गुंडाळून त्याला बऱ्हाणपुरास नेले. रुग्णालयात जखम धुऊन, टाके घालून बंद केली गेली. त्यांनी आपले काम चोख केले. तुटलेला अंगठा आम्ही नेलाच नव्हता. घरच्या वडीलधाऱ्यांनी तो लिंबाखाली पुरला होता. संध्याकाळी ओट्यावर बसून सर्वजण म्हणाले, जिवावरचे बोटावर निभावले. मीही म्हणालो.

त्या वेळी तुटलेले बोट पुन्हा जोडण्याची विद्या जगात एकोणचाळीस वर्षांची झाली होती. जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखविला होता. त्याआधी १९६२ साली बोस्टन येथे एका मुलाचा अखंड हात जोडला गेला होता. परंतु हाताच्या रक्तवाहिन्या मोठ्या, बोटाच्या जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या. त्यांना केसाहून बारीक धाग्याने टाके घालावे लागतात. आधी हाड स्थिर करावयाचे, मग स्नायुबंध, धमन्या, शिरा आणि मज्जातंतू जोडावयाचे, असे तासन्‌तास चालणारे ते काम आहे.

आपल्या भूमीला अशी विद्या अगदीच परकी नव्हती. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानास पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. तो वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या एका मासिकात प्रसिद्ध झाला आणि युरोपातील वैद्यांनी त्यापासून धडा घेतला. नाक परत आले, हात मात्र आला नाही. कपाळाची कातडी देठाने जिवंत ठेवून वळविता येते. तुटलेल्या हाताचा रक्ताशी संबंधच संपलेला असतो. कावसजीला प्रतिष्ठा परत मिळाली, कष्टाचे साधन मिळाले नाही. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. आमच्यापाशी होता.

तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ बोटाला थेट लागू देऊ नये. एवढे केले तर बोटाला बारा तासांहूनही अधिक अवधी मिळू शकतो, कारण बोटात रक्तावाचून लवकर नासणारे मांसल स्नायू जवळजवळ नसतात. आमच्या गोठ्यापासून शंभर पावलांवर बर्फाच्या कांड्या विकणारा बसत असे. आम्हांला वेळ कमी पडला नव्हता, ज्ञान कमी पडले होते.

येथे सुज्ञ वाचक विचारतील की, जोडता येते म्हणून प्रत्येक बोट जोडलेच पाहिजे काय? तसे नाही. अंगठा, एकाच वेळी तुटलेली अनेक बोटे आणि लहान मुलाचे कोणतेही बोट यांसाठी प्रयत्न करावा, असे शल्यविशारद मानतात. उलट प्रौढ माणसाचे मुळाशी तुटलेले एखादेच बोट जोडले, तर ते पुष्कळदा ताठर राहून इतर बोटांच्या आड येते. चिरडलेल्या बोटाचा भरवसा त्याहून कमी. शिवाय महिनोन्‌महिने व्यायाम आणि तितके दिवस बुडालेली मजुरी. एखादा हातावर पोट असणारा माणूस ‘जखम शिवून टाका, मला कामावर जाऊ द्या’ असे म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो त्याचा निर्णय आहे. परंतु ज्याच्यापुढे पर्यायच ठेवला गेला नाही, त्याच्या मुकेपणाला निर्णय म्हणता येत नाही. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा घेतला, निदान तो मागून घेतला. आमच्या सालदाराला कोणी काही विचारलेच नाही.

माझी लाज याहून खोल आहे. मी राज्याच्या श्रम खात्यात नोकरीस होतो. १९२३ सालच्या श्रमिक नुकसानभरपाईच्या कायद्याचे परिशिष्ट मला तोंडपाठ होते : अंगठा गेल्यास कमाईची क्षमता तीस टक्के घटली असे मानावयाचे, तर्जनीला चौदा, मध्यमेला बारा, अनामिका किंवा करंगळीला सात. तो कायदा पुढे २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कोष्टके आवश्यकच असतात, नाहीतर गरिबाच्या पदरी काहीच पडत नाही. परंतु कारखानदारांसमोर ज्या परिशिष्टावर मी बोट ठेवीत असे, ते माझ्या गोठ्यास लावून पाहण्याचे मला सुचले नाही. आम्ही औषधपाण्याचा खर्च केला, चार पोती ज्वारी दिली आणि ‘तो घरचाच माणूस आहे’ असे म्हणालो. काही महिन्यांनी तोच एकदा सहज म्हणाला, “भाऊ, विळा हातात ठरत नाही.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याने साल सोडले.

जोडलेल्या बोटाविषयी एक गोष्ट मला फार विचार करावयास लावते. रक्त वाहू लागले की बोट गुलाबी होते, जिवंत होते. पण ते अद्याप त्या माणसाचे नसते. डोळे मिटले तर ते आहे की नाही हे त्याला कळत नाही. जोडलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत जातो आणि कित्येक महिन्यांनी बोटाला टोचलेले मनाला कळू लागते. तेव्हा ते बोट त्याचे होते. मुंबईत २०२० साली, रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीला चेन्नईहून आलेले मृत दात्याचे हात जोडण्यात आले. परक्याचा हातही आपला व्हावयाचा तर संवेदनेच्याच वाटेने होतो. आपलेपणाची खूण रक्त नव्हे, वेदना आहे.

‘घरचाच माणूस’ हे शब्द मी या कसोटीवर घासून पाहिले. आमच्या घरातून त्याच्याकडे अन्न जात होते, वस्त्र जात होते, सणासुदीचा वाटा जात होता. रक्तपुरवठा चालू होता. परंतु त्याचा अंगठा तुटला तेव्हा घरात कोणाला दुखले? दुखले असते तर आम्ही अंगठा पुरण्यापूर्वी निदान चार ठिकाणी चौकशी केली असती. तो आमच्याशी जोडलेला होता, पण संवेदना नव्हती.

कडबाकुट्टी यंत्रे आजही आपल्या गोठ्यांत आहेत. माझ्या यंत्रावर आता लोखंडी जाळी बसविली आहे आणि शेजारच्या भिंतीवर ओले फडके, पिशवी आणि बर्फाचे पाणी यांची सूचना खडूने मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. पावसाळ्यात ती पुसट होते, तेव्हा मी पुन्हा गिरवितो. लिंबाचे ते झाड अजून आहे. त्याखाली बसून मला ती जुनी म्हण उच्चारवत नाही.