वेलांटी कुणी खाल्ली?

परीक्षेतला एखादा गैरप्रकार उघडकीस आला की आपल्याकडची चर्चा ठरल्या वळणाने जाते. मोबाइल बाहेर ठेवा, कॅमेरे लावा आणि संगणक ‘लॉक’ करा. पहिल्या दोन मागण्यांवर वाद होतात, तिसरी न बोलता मंजूर होते. लॉक करायचे म्हणजे उमेदवार आणि परीक्षेचा प्रोग्राम यांच्यामध्ये कुणीही नको, बोटाने दाबलेली कळ थेट उत्तरात उमटली पाहिजे. हे इतके सोवळे वाटते की शंका घेणारा कॉपीबहाद्दरांचा वकील ठरतो. ठरलो तर ठरलो.

रत्नागिरीतल्या एका टायपिंग क्लासमध्ये मी एका मुलीच्या खुर्चीमागे उभा होतो. रेमिंग्टन पद्धतीवर आठ महिने हात बसवलेला, नजर कागदावर, बोटे आपली चालू. समोर कुठल्याशा भरतीच्या सराव-चाचणीचा कुलूपबंद प्रोग्राम. तिने गावाचे नाव टाइप केले आणि पडद्यावर उमटले ‘रत्नागरी’. खोडून पुन्हा केले, पुन्हा तेच. “सर, मी वेलांटी दिलीय,” ती म्हणाली. दिली होती, मी पाहिली होती.

झाले ते असे. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन मागून, कारण कागदावर ती डावीकडे असते. रेमिंग्टनची बोटे आजही तसेच करतात. युनिकोडमध्ये मात्र आधी ग, मग वेलांटी. म्हणून त्या संगणकावर एक मदतनीस बसवलेला होता. वेलांटीची कळ आली की तो ती हातात धरून ठेवतो, ग पुढे जाऊ देतो आणि मागून वेलांटी स्वतः पाठवतो. विंडोज अशा मागून पाठवलेल्या कळेवर खूण करते की ही बोटातून आलेली नाही, प्रोग्राममधून आलेली आहे. कुलूपबंद प्रोग्रामने ती खूण पाहिली आणि वेलांटी टाकून दिली. सुरक्षेच्या दृष्टीने चोख काम.

मराठीला यंत्राची अडचण नवी नाही. याच गावात जन्मलेल्या टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, आणि याच गावात १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा (अि, अी, अु) आग्रह धरला. हे सर्वांना ठाऊक आहे, उगाळत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की दोघांनी यंत्रासाठी लिपीला वाकवायचे ठरवले होते. ते ओझे संगणकात मधल्या मदतनिसाने उचलले आणि लिपी शाबूत राहिली. आता त्यालाच हाकलायचे घाटते आहे.

“पण कळ थेटच जायला हवी,” हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो धरूनच बसतो. थेट म्हणजे कुठून कुठे? ‘ए’ची कळ दाबली तर विंडोजला ‘ए’ मिळत नाही, ३० हा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे कळफलकाची मांडणी ठरवते. फ्रान्समध्ये नेहमीच्या मांडणीत त्याच ३० चा ‘क्यू’ होतो. म्हणजे इंग्रजी ‘ए’लाही मधला लागतोच, फक्त तो इतका मुरलेला आहे की दिसत नाही. इंग्रजीचा मधला तो ‘थेट’ आणि मराठीचा तो ‘घुसखोर’, ही विभागणी सुरक्षेतून आलेली नाही, सवयीतून आली आहे. झेल्याने उतरवलेला हापूस झाडावरून थेट आला नाही, असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

सगळ्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावे, हे मलाही मान्य. १९९१ च्या भारतीय मानकात ती मांडणी आहे, तिच्यात वेलांटी व्यंजनानंतरच येते आणि ‘रत्नागिरी’ला सरळ नऊ कळा लागतात. पण आठ महिन्यांची बोटे परिपत्रकाने बदलत नाहीत. बोलून टाइप करा म्हणणाऱ्यांनी ते शंभर उमेदवारांच्या हॉलमध्ये करून दाखवावे. आणि अंध उमेदवाराचे काय? मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम प्रत्येक कळ आधी स्वतः घेतो, आपल्यासाठीची ठेवतो, बाकीच्या पुढे देतो. तो बंद केला की त्या उमेदवारासमोर काचेचा तुकडा उरतो.

मधले सगळे साव आहेत, असे माझे म्हणणे नाही. शब्द सुचवणारा, शुद्धलेखन सुधारणारा मधला टायपिंगच्या परीक्षेत नको, कारण तो बोटांनी दिले त्याहून जास्त देतो. कळा चोरणारे प्रोग्रामही खरेच असतात. पण ते काय करतात पाहा. पासवर्ड चोरणारा कळ नोंदवतो आणि जशीच्या तशी पुढे देतो, एक मात्रा इकडची तिकडे करत नाही, नाहीतर पकडला जाईल. वेलांटी फिरवणारा मात्र कळांचा क्रम बदलतो आणि तो बदल टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडद्यावर येतो. चुकला तर लगेच दिसतो. तेव्हा मधला कुणी आहे का, हा प्रश्नच कच्चा. समोर बदलणारा आहे की मागे नोंदणारा, एवढेच विचारावे. कुलूप लावणारे नेमके उलटे करतात. पाठवलेल्या कळेवर खूण दिसते म्हणून समोरच्याला पकडतात. मागे बसून नुसता ऐकणारा काहीच पाठवत नाही, म्हणून त्याच्यावर खूणही नसते.

त्या मुलीने तिसऱ्यांदा ‘रत्नागरी’ पाहिल्यावर दुसऱ्या खिडकीतली मांडणी तपासावी म्हणून ऑल्ट-टॅब दाबले. काहीच झाले नाही. परीक्षेच्या प्रोग्रामने ते मधेच अडवून गिळले होते. कुणी गिळले, याची नोंद पडद्यावर कुठेच नव्हती.