उपऱ्याचा मुक्काम

१९५१ साली लंडन येथे ‘नाटो’ राष्ट्रांनी परस्परांच्या भूमीवरील सैन्याविषयी जो तहनामा केला, त्याचे दहावे कलम कायदेपंडितांनी लिहिले की कोणा वेदान्त्याने, असा संभ्रम मला पडतो. जर्मनीतील रामश्टाइनसारख्या अमेरिकन तळावर कारकुनी वा अध्यापन करणारा मुलकी नोकर तेथे केवळ त्या नोकरीपायीच राहत असेल, तर त्याचा तेथील मुक्काम, मग तो कितीही वर्षांचा असो, करआकारणीपुरता ‘निवास’ म्हणून धरला जाणार नाही, असे ते कलम सांगते. देह तेथे, अन्न तेथे, आजारपणही तेथेच. रहिवास मात्र नाही. आपल्या जुन्या महसुली दफ्तरांत वर्षानुवर्षे जमीन कसणाराही मिरासदार न होता उपरीच राहू शके. पण त्याच्या मनात काय आहे, ही चौकशी पाटील-कुलकर्णी करीत नसत.

तहनाम्याचा सारा भार ‘केवळ’ या एका शब्दावर असल्याने करखात्याला मनुष्याच्या इराद्यातच शिरावे लागे. त्याने तेथील स्त्रीशी विवाह केला, घर विकत घेतले, मुले गावच्या शाळेत घातली, नोकरीची मुदत पुनःपुन्हा वाढवून घेतली, की जर्मन अधिकारी धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे या चिन्हांवरून त्याच्या अंतःकरणाचे अनुमान करीत. आणि कित्येकांकडे मागील वर्षांच्या कराची मागणी झाली ती अशा अनुमानापायीच. (नैयायिकांनी निदान व्याप्ती सिद्ध करण्याची अट घातली होती.)

भागवतातील भरत राजा राज्य सोडून गंडकीतीरी गेला तो केवळ तपासाठी, आणि प्रवाहात पडलेले आईवेगळे पाडस त्याने उचलले ते केवळ दयेपोटी. पहिला ‘केवळ’ दुसऱ्याने कधी पुसला, हे त्याचे त्यालाही उमगले नाही, आणि अंतकाळी मन पाडसात गुंतल्याने पुढला जन्म हरिणाचा आला. कीर्तनकार यावरून आसक्तीचा निषेध करतात. मला तो निवाडा निष्ठुर वाटतो. पाडस वाहून जाऊ देणारा तपस्वी कोणाला हवा होता? माणूस आधी इरादा करतो आणि मग कोठे रुजतो, ही समजूतच मुळात कच्ची आहे. रुजणे आधी घडते, इरादा मागाहून विचारला जातो, आणि तेव्हा प्रामाणिक मनुष्यालाही उत्तर सापडत नाही.

त्याच तहनाम्याचे पहिले कलम तर असे, की जो त्या देशाचा सामान्य रहिवासी ठरला, तो सैन्यासोबतच्या मुलकी वर्गात गणलाच जात नाही. भरताला निदान हरिणजन्मात पूर्वस्मृती होती, आणि तो चालत पुन्हा त्याच आश्रमाकडे आला, तेव्हा कोणी त्याला अडविले नाही.