लाकूड नसलेलं वुड

गोल्फमध्ये 'फेअरवे वुड' नावाची एक काठी असते. पूर्वी तिचं डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असे. 1979 नंतर पोलादी डोक्यांनी त्याला हळूहळू हुसकावलं. लाकूड गेलं, नाव राहिलं. टकलू गृहस्थाचं नाव केशव असावं, तसं!

नवं वुड घ्यायचं तर तीन नंबरचं की सात नंबरचं? तीनच्या डोक्याचा उतार साधारण 15 अंश, सातचा 21. तीनचा चेंडू लांब जातो खरा, पण फटका नेमका आणि जोरदार बसला तर! सातची काठी आखूड. तिनं चेंडू गवतावरून अलगद उचलला जातो. तरी दुकानात हात जातो तीनकडेच. कारण ते आपण स्वतःसाठी घेतच नाही. आपल्या आत एक पट्टीचा खेळाडू दडलाय असा आपला समज असतो, त्याच्यासाठी घेतो. कपाटातले न वाचलेले जाडजूड ग्रंथ आणि माळ्यावरची हार्मोनियमही त्याच गृहस्थाची.

तुम्ही म्हणाल, मग माणसानं मोठं व्हायचंच नाही की काय? व्हावं की! पण मोठेपण सरावानं येतं, पावती फाडून नव्हे. शिवाय सोप्या काठीनं मारलं म्हणून स्कोअरकार्डावर एक फटका जास्त लिहीत नाहीत.

मी सात नंबर घेतलं. आतला तो गृहस्थ खरोखरच आला, तर त्याला पाट मांडीन. तोवर ताट वाढून ठेवणार नाही.