मेरीलँड : स्वातंत्र्य कोणासाठी?

ज्याने छळ सोसला आहे, तो दुसऱ्याचा छळ करणार नाही, अशी आपली एक भाबडी समजूत असते. दुःख माणसाला शहाणे करते, वेदना हृदय विशाल करते, असे आपण प्रवचनांतून ऐकतो आणि मुलांनाही सांगतो. परंतु इतिहासाची पाने उलटू लागलो की ही समजूत डळमळू लागते. अन्याय सोसलेली माणसे सत्तेवर आल्यावर स्वतःपुरता न्याय मिळवतात आणि तेथेच थांबतात, असे पुष्कळदा दिसते. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो असा : जे स्वातंत्र्य मी माझा हक्क म्हणून मागतो, ते दुसऱ्याला नाकारण्याचा अधिकार मला उरतो काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सतराव्या शतकातील एका वसाहतीकडे वळू या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड ही ती वसाहत. इंग्रजांनी समुद्रापार ज्या वसाहती स्थापन केल्या, त्यांत कॅथलिक उमरावाच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही वसाहत आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात आपल्याला अभिमान वाटावा असे बरेच आहे; मान खाली घालावी लागेल असेही बरेच आहे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे महागात पडत असे. १५८१ च्या कायद्याने राजमान्य चर्चच्या उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास महिन्याला वीस पौंड दंड होता. १५८५ च्या कायद्यान्वये परदेशात गुरुदीक्षा घेऊन मायदेशी परतणारा धर्मगुरू राजद्रोही ठरत असे आणि त्याला देहान्त शिक्षा होई. अशा देशात जॉर्ज कॅल्व्हर्ट हा राजा पहिला जेम्स याचा सचिव होता. १६२५ साली त्याने आपण कॅथलिक असल्याचे उघड केले आणि पदत्याग केला. राजाने त्याला लॉर्ड बाल्टिमोर हा किताब दिला. न्यूफाउंडलंडच्या कडाक्याच्या थंडीत त्याचा वसाहतीचा पहिला प्रयोग फसला. १६२९ मध्ये तो व्हर्जिनियात गेला. पण राजा हाच चर्चचा प्रमुख आहे अशी शपथ घेण्यास त्याने नकार दिला आणि त्याला तेथून निघावे लागले. १६३२ च्या एप्रिलमध्ये तो वारला. दोनच महिन्यांनी नव्या वसाहतीची सनद त्याचा मुलगा सेसिल याच्या नावे निघाली.

ही सनद मोठी विलक्षण होती. सेसिल कॅल्व्हर्ट त्या प्रदेशाचा जवळजवळ राजाच झाला. न्यायदान, नेमणुका, जमिनीचे वाटप हे सारे अधिकार त्याचे. बदल्यात त्याने दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यातील मंगळवारी विंडसरच्या किल्ल्यात त्या प्रदेशातील दोन बाण राजाला अर्पण करायचे आणि सोने-चांदी सापडल्यास पाचवा हिस्सा द्यायचा. याच धर्तीवर पुढे १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सने आपली मुंबई वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली, हे वाचकांना ठाऊक असेल. मात्र मेरीलँडच्या सनदेत एक अट होती. कायदे करावयाचे ते वसाहतीतील स्वतंत्र नागरिकांच्या संमतीने. या एका अटीतून तेथील विधिसभा जन्मास आली. कायद्याचा मसुदा मालकाने करावा की सभेने, या वादात काही वर्षांतच मालकाला माघार घ्यावी लागली.

१६३३ च्या नोव्हेंबरात ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ ही दोन जहाजे निघाली. दीडशेच्या आसपास माणसे होती. पुढारी बहुतांशी कॅथलिक, तर नोकर-मजूर बहुतांशी प्रॉटेस्टंट. निघण्यापूर्वी सेसिलने लेखी सूचना दिल्या होत्या. कॅथलिकांनी आपली उपासना शक्य तितकी खाजगीत करावी, धर्माविषयी वादविवाद टाळावा, प्रॉटेस्टंटांना तक्रारीस जागा देऊ नये, असा त्यांचा आशय होता. २५ मार्च १६३४ रोजी, पवित्र मरियेला देवदूताने संदेश दिला त्या सणाच्या दिवशी, सेंट क्लेमेंट बेटावर येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट यांनी मिस्सा अर्पण केली. पुढे याओकोमिको नावाच्या मूळ रहिवाशांकडून कापड, कुऱ्हाडी, कुदळी यांच्या मोबदल्यात त्यांचे गाव आणि शेते घेऊन सेंट मेरीज हे राजधानीचे ठिकाण वसले.

फादर व्हाइट यांच्याबरोबर मतियास दि सोझा नावाचा आफ्रिकी वंशाचा एक नोकर आला होता. आपल्या किनाऱ्यावर घरोघरी ऐकू येणारे हे आडनाव त्या दूरच्या भूमीत भेटते तेव्हा क्षणभर थबकायला होते. त्याने कराराची वर्षे पुरी केली, तो स्वतंत्र झाला आणि १६४२ साली विधिसभेत स्वतंत्र नागरिक म्हणून बसला. हे नाव आपण ध्यानात ठेवू या. पुढे त्याचे काम आहे.

वसाहतीचा सारा संसार तंबाखूवर चाले. तंबाखू हेच पीक आणि तंबाखू हेच चलन. कर, दंड, कर्ज, सगळे तंबाखूच्या वजनात मोजले जाई. या पिकाला हात फार लागत. रोपे लावणे, शेंडे खुडणे, अळ्या वेचणे, पाने वाळवणे हा वर्षभराचा राबता होता. हे हात इंग्लंडमधून करारबद्ध नोकरांच्या रूपाने आले. जहाजभाड्याच्या बदल्यात चार-पाच वर्षे राबायचे. मुदत संपली की कपडे, धान्य, अवजारे आणि पन्नास एकरांचा हक्क मिळायचा. जो मालक माणसे आणील, त्यालाही माणशी जमीन मिळे. धर्मगुरूंना ना राजाचे वेतन होते, ना दशमांश. म्हणून येशूसंघीयांनीही याच नियमाने जमिनी मिळवल्या आणि मळे उभे केले. सेसिलने चर्चच्या हाती फार जमीन जाऊ नये म्हणून त्यांच्याशी वादही घातला.

येथे एक प्रश्न मनात येतो. सेसिलची सहिष्णुता तत्त्वातून आली होती की गरजेतून? श्रीमंत कॅथलिक घरे घरदार सोडून यायला फारशी राजी नव्हती. प्रॉटेस्टंट मजुरांवाचून मळे ओस पडले असते, आणि प्रॉटेस्टंट राजाच्या मर्जीवाचून सनद टिकली नसती. तेव्हा सहिष्णुता हा शहाणपणाचा व्यवहार होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यवहारातून जन्मलेला सद्गुण खोटाच असतो, असे मात्र नाही. शेजाऱ्याशी गोडीने राहणे सोयीचे असते म्हणून आपण तसे राहू लागतो आणि राहता राहता शेजारी आपलासा होतो. सद्गुणाचा उगम कोठे आहे यापेक्षा सोय संपल्यावर तो टिकतो की नाही, ही खरी कसोटी होय.

या कसोटीचे दिवस लवकरच आले. १६४५ साली इंग्लंडमधील यादवीचे लोण येऊन पोहोचले. रिचर्ड इंगल नावाच्या जहाजाच्या कप्तानाने वसाहत लुटली. फादर व्हाइट यांना बेड्या घालून इंग्लंडला नेण्यात आले. धर्मगुरू म्हणून देशात प्रवेश केल्याचा खटला त्यांच्यावर झाला. आपण स्वेच्छेने आलोच नाही, आपल्याला आणले गेले, हा त्यांचा बचाव मान्य होऊन त्यांची सुटका झाली. यानंतर सूड घेण्याऐवजी सेसिलने प्रॉटेस्टंट गव्हर्नर नेमला आणि २१ एप्रिल १६४९ रोजी विधिसभेने धर्मविषयक कायदा संमत केला. येशू ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्या कोणासही धर्मापायी त्रास दिला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. इतकेच नव्हे, तर कोणाला पाखंडी, पोपवाला, प्युरिटन अशा हेटाळणीच्या नावांनी संबोधणाऱ्यास दहा शिलिंग दंड होता आणि त्यातील अर्धी रक्कम अपमानित व्यक्तीला मिळायची. शब्दही जखम करतो, हे ओळखणारा हा कायदा होता.

मात्र याच कायद्यात पवित्र त्रैक्य नाकारणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली होती. १६५८ साली जेकब लम्ब्रोझो या यहुदी वैद्यावर ईशनिंदेचा आरोप आला. सर्वसाधारण माफी जाहीर झाल्यामुळे तो बचावला. म्हणजे दार उघडले होते, पण घरातल्यांपुरतेच. आणि ज्या प्युरिटनांना कॅल्व्हर्टने आसरा दिला, त्यांनीच १६५४ मध्ये सत्ता हाती येताच हा कायदा रद्द करून कॅथलिकांचे संरक्षण काढून घेतले. काही वर्षांनी कायदा परत आला, पण धडा कटू होता. आश्रितही यजमानाचा औदार्यगुण विसरतो.

त्याहून कटू धडा पुढे आहे. १६६४ साली, सेसिलचा मुलगा चार्ल्स गव्हर्नर असताना, विधिसभेने ठरविले की वसाहतीतील आफ्रिकी गुलाम आजन्म गुलामच राहतील आणि त्यांची मुलेही. गुलामाशी विवाह करणाऱ्या स्वतंत्र इंग्रज स्त्रीने नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या मालकाची चाकरी करावी, असेही ठरले. काही मालकांना भीती होती, की बाप्तिस्मा घेतलेला गुलाम स्वतंत्र ठरेल. १६७१ च्या कायद्याने तीही दूर केली : बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत काहीही फरक पडणार नाही! शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून येणारे नोकर कमी झाले तसे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची संख्या वाढत गेली.

या कायद्याचा अर्थ काय होतो, याचा जरा विचार करा. ज्या पाण्याने माणूस ख्रिस्ताच्या देहाचा अवयव होतो, त्या पाण्याला मळ्याच्या कुंपणाबाहेर थांबविण्यात आले. आत्मा चर्चचा, देह मालकाचा, अशी वाटणी झाली.

‘ती माणसे त्यांच्या काळाची लेकरे होती, त्यांना आजची फूटपट्टी का लावता?’ असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे आणि झिडकारण्याजोगा नाही. परंतु येथे मतियास दि सोझा साक्षीला उभा राहतो. १६४२ साली त्याच भूमीत एक आफ्रिकी वंशाचा मनुष्य सभेत बसू शकत होता. विवाहावर बंदी घालावी लागली, याचाच अर्थ विवाह होत होते. परमगुरू तिसरे पॉल यांनी १५३७ सालीच अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्याचा निषेध केला होता. म्हणजे दुसरी वाट ठाऊक नव्हती असे नव्हे. ती ठाऊक असून तंबाखूच्या भावापुढे सोडून देण्यात आली. काळाला दोष देण्यापूर्वी तो काळ कोणाच्या हातांनी घडला, हे पाहिले पाहिजे.

पुढे चाक फिरले. १६८९ मध्ये प्रॉटेस्टंट बंडाने कॅल्व्हर्टांची सत्ता गेली. १७०४ साली सेंट मेरीजच्या चॅपेलला कुलूप लागले आणि सार्वजनिक मिस्सेला बंदी झाली. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार गेला. घराच्या एका खोलीत चोरून मिस्सा ऐकणारी ती कुटुंबे पाहून आपले मन हेलावते. पण त्याच घरांच्या मागे गुलामांच्या झोपड्या होत्या. सत्तर वर्षांच्या या वनवासाने त्या झोपड्यांची दारे उघडली नाहीत. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम १,१५,००० डॉलरना लुइझियानात विकले. कुटुंबे ताटातूट न होता राहावीत, त्यांना धर्माचरण करता यावे, पैसा कर्जफेडीसाठी वापरू नये, अशा रोमच्या अटी होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. जॉर्जटाउनचे महाविद्यालय कर्जातून सावरले. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठात, विकल्या गेलेल्यांच्या वंशजांसमोर, येशूसंघाने जाहीर क्षमायाचना केली.

तेव्हा आरंभीच्या समजुतीकडे पाहिले, तर असे म्हणावे लागते की दुःख आपोआप कोणाला शहाणे करीत नाही. ‘मला सोसावे लागले’ यापासून ‘कोणालाही सोसावे लागू नये’ येथपर्यंतची वाट माणसाला स्वतः चालावी लागते, आणि बहुधा त्या वाटेवर पैशाचे नुकसान असते. धर्मस्वातंत्र्य हे व्यक्तीच्या प्रतिष्ठेतच रुजलेले आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित केले. ज्या प्रतिष्ठेमुळे मला माझ्या विवेकानुसार प्रार्थना करता येते, तीच प्रतिष्ठा माझ्या वाडीत राबणाऱ्या मजुराची आहे. प्रतिष्ठेची वाटणी करता येत नाही.

आपण या देशात अल्पसंख्य आहोत. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सर्वांना दिलेले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आपण निर्धाराने जपतो आणि ते जपलेच पाहिजे. पण मेरीलँडची गोष्ट आपल्याला आणखी एक हिशेब मागते. आपल्यापेक्षा दुबळा जो आहे, ज्याच्या श्रमावर आपले घर उभे आहे, ज्याची श्रद्धा वा जात आपल्याहून वेगळी आहे, त्याच्या वाट्याला आपण काय ठेवले? आपण मागितलेले स्वातंत्र्य हक्क होते की केवळ सवलत, याचा निकाल त्या उत्तरावर लागेल.