मागची तारीख

कामशेतपल्याड नाणे मावळातल्या एका घरात मार्च महिन्यात पेढे वाटले गेले. थोरल्याला जपानात नोकरी लागली होती. १ ऑक्टोबरला हजर व्हायचं होतं. प्रश्न मोतीचा होता. चार वर्षांपूर्वी लोणावळा स्टेशनबाहेर पावसात कुडकुडणारं ते पिल्लू त्यानं शर्टात घालून लोकलनं घरी आणलं होतं.

"मोतीला घेऊनच जाणार," तो म्हणाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिथले नियम सांगितले. आधी कातडीखाली मायक्रोचिप, मग रेबीजची लस. आधीच्या लसी धरायच्या नाहीत, कारण त्या याच कुत्र्याला टोचल्या हे सांगणारा क्रमांक तेव्हा त्याच्या अंगात नव्हता. किमान ३० दिवसांनी दुसरी लस, त्यानंतर रक्ततपासणी, आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबायचं. शिवाय पोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या विमानतळावरच्या क्वारंटाइन कार्यालयाला कळवायचं. १८० दिवसांआधी नेलं, तर उरलेले दिवस कुत्रा तिथे कोंडून.

पोरानं हिशोब केला. अठरा-वीस दिवस कमी पडत होते.

कागदपत्रं करून देणारा एकजण भेटला. "चिप आणि पहिली लस महिनाभर मागच्या तारखेला दाखवू. कुत्रा काय बोलणार आहे?"

संध्याकाळी आबा राब भाजत होते. पोरानं सगळं सांगितलं. आबा बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिले.

"वस्तीवरचा तो पोरगा आठवतो? कुत्र्यानं जरासा दात लावला, कुणी मनावर घेतलं न्हाई. दोन महिने पोरगं शाळेत जात हुतं. मग एक दिवस पाण्याचा तांब्या बघून किंचाळाय लागलं. तिसऱ्या दिवशी गेलं."

"पण मोतीला काही झालेलं नाही, आबा."

"मला ठावं हाय. तिथल्या एखाद्या आईला कसं ठावं व्हावं?"

पोरगा गप्प झाला. जपानातल्या कुत्र्यांत १९५७ नंतर रेबीज आढळलेला नाही. हा रोग अंगात महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकतो, म्हणून ते १८० दिवस. एका मागच्या तारखेनं तिथलं कुणाचंतरी अंगण धोक्यात आलं असतं आणि तारीख टाकणाऱ्याला ते कधी कळलंही नसतं.

खरीच तारीख पडली. पोरगा एकटा गेला. मोती आठ दिवस धड जेवला नाही. मग आबांच्या मागोमाग इंद्रायणी भाताच्या कापणीला जाऊन बांधावर बसू लागला. मुक्या जिवाला ही शिक्षा कशाला, असं आई म्हणे, आणि तिचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही.

पोरानं वेळेत तिकडच्या कार्यालयाला कळवलं, नववर्षाच्या सुट्टीत न्यायला आला. मुंबईच्या सरकारी क्वारंटाइन केंद्रात तपासणी होऊन दाखला मिळाला. मोतीच्या पिंजऱ्यात आबांनी आपलं जुनं धोतर अंथरलं.

दुसऱ्या दिवशी नरिता विमानतळाबाहेरून व्हिडिओ कॉल आला. अधिकाऱ्यानं मोतीच्या मानेवरून यंत्र फिरवलं, पंधरा आकडे उमटले, कागदाशी जुळले, सोडलं, असं पोरगा भरभर सांगत होता. तेवढ्यात त्याच्यामागे चार-पाच वर्षांची एक मुलगी येऊन थांबली. तिनं आईकडे बघितलं. आईनं पोराला काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली.

मुलीनं मोतीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला.