खिडकीतील बालक आणि अंगणातील खेळ

सायंकाळी अंगणात मुलांचा खेळ रंगात आलेला असतो आणि एखादे बालक खिडकीचे गज धरून तो पाहत असते. त्याला खाली का पाठवीत नाही, असे विचारल्यास माता म्हणते, “त्याला खेळ कळत नाही हो, मुले हसतात.” हे उत्तर प्रेमाचे आहे, यात शंका नाही. परंतु ते केवळ प्रेमाचेच आहे काय? त्या प्रेमात लोकलज्जेचा अंश मिसळलेला नाही काय? ज्याच्या घरी असे बालक आहे त्याने, आणि ज्याच्या घरी नाही त्यानेही, हा प्रश्न आपल्या अंतःकरणास विचारावा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांविषयी अनेक सज्जन म्हणतात, “ज्याला नियम समजत नाहीत, जो कधी जिंकणार नाही, त्याला खेळाचे प्रयोजन काय?” या युक्तिवादाचे मूळच सदोष आहे. जिंकणे हेच खेळाचे फळ मानले, तर शर्यतीत धावणाऱ्या दहांपैकी नऊ मुलांचे धावणे व्यर्थ ठरेल. आपल्या धडधाकट मुलांना आपण पदकासाठी अंगणात पाठवीत नाही. शरीर बळकट व्हावे, सवंगडी मिळावेत, पडून पुन्हा उठण्याची सवय लागावी, म्हणून पाठवितो. यांपैकी कोणती गोष्ट त्या खिडकीतील बालकाला नको आहे?

उलट, त्याची गरज अधिकच आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकाचे स्नायू जन्मतः शिथिल असतात. ते बहुधा दुसऱ्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर चालू लागते. इतरांना जे सहज साधते, ते त्याला पुनःपुन्हा करून मिळवावे लागते. ज्याला अभ्यासाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच आपण अंगण नाकारतो, ही केवढी विसंगती!

या विचाराचा एक बोधप्रद इतिहास आहे. अमेरिकेतील युनिस केनेडी श्रायव्हर यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक अक्षमतेसह वाढली. त्या प्रतिष्ठित कुटुंबाने अनेक वर्षे याविषयी मौन पाळले. १९६२ च्या जूनमध्ये युनिसबाईंनी मेरीलँड राज्यातील आपल्या घराच्या आवारात अशा बालकांसाठी खेळांचे शिबिर भरविले आणि त्याच वर्षी बहिणीविषयी उघडपणे लेख लिहिला. पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे पहिले ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ झाले. त्यात सुमारे १,००० खेळाडूंनी भाग घेतला. घरातील मौन सुटले, तेव्हा घराचे अंगणही खुले झाले.

याच संस्थेने दोन ते सात वर्षांच्या बालकांसाठी एक उपक्रम चालविला आहे. त्यात स्पर्धा नसते. रेषेवरून चालणे, दोन्ही पायांनी उडी मारणे, चेंडू झेलणे, फेकणे, पायाने टोलविणे, एवढेच असते. आणि अक्षमता नसलेली मुलेही तेथे बरोबरीने खेळतात. भारतात ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ ही संस्था २००१ पासून कार्य करीत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही क्रीडेतील सहभागाचा हक्क मान्य केला आहे. परंतु कायदा दार उघडू शकतो. बालकाचा हात धरून त्याला आत नेणे हे माणसाचेच काम आहे.

हे काम अवघड नाही. गावातील मोकळी जागा, काही चेंडू, खडूने आखलेल्या रेषा आणि आठवड्यातून दोन सायंकाळ देणारी चार माणसे, एवढ्यावर बालकांचे क्रीडामंडळ सुरू होते. सूचना थोडक्या शब्दांत द्याव्या, कृती करून दाखवावी, घाई करू नये. मात्र आरंभी वैद्यकीय तपासणी अवश्य करावी; कारण डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांना हृदयाचा जन्मजात दोष असतो आणि काहींच्या मानेचे सांधे सैल असतात. त्यांना कोलांटउडी मारू देणे धोक्याचे ठरते. सद्भावनेला सावधपणाची जोड हवीच.

कोणी म्हणेल, ही दया फार थोर आहे. परंतु येथे दयेचा प्रश्नच नाही. दया वरून खाली वाहते, आणि खेळ तर समान भूमीवर उभे राहूनच खेळता येतो. म्हणून शेजाऱ्याचे कर्तव्य पैसे देऊन संपत नाही. त्याने आपले मूलही त्या मंडळात खेळावयास पाठवावे. जे मूल पाचव्या वर्षी अशा सवंगड्याला चेंडू देण्यास शिकते, ते पंचविसाव्या वर्षी त्याला हसणार नाही. “आमच्यामागे याचे कोण?” ही जी चिंता अशा मातापित्यांना रात्री झोपू देत नाही, तिचे पूर्ण उत्तर क्रीडामंडळ देऊ शकत नाही. परंतु ज्याला सारा गाव नावाने ओळखतो, ते बालक आईबापांच्या मागे अगदीच एकटे पडत नाही.

वाचकहो, आपल्या परिसरात अशी एखादी खिडकी आहे काय, हे आज सायंकाळीच पाहा. असेल, तर त्या घरी जाऊन उपदेश करू नका. एक चेंडू आणि आपले मूल बरोबर न्या, आणि त्या बालकाला खेळावयास बोलवा.